बॅसिलिस्कची आगाऊ सूचना

दोन ग्लास बिअर पोटात गेल्यावर माणसाने गावं किंवा झोपावं. घोषणा करू नये. ओताकारने घोषणा केली. ‘पुढच्या खेळाला,’ तो म्हणाला, ‘बॅसिलिस्क.’

टेबलाभोवती सगळ्यांनी आदराने आपापले ग्लास खाली ठेवले. बॅसिलिस्क म्हणजे सापाचं अंग, कोंबड्याचा तुरा आणि वाईट नजर असलेलं जनावर. नजर वाईट म्हणजे आपल्याकडे दृष्ट लागते तेवढीच नव्हे. त्याने ज्याच्याकडे बघितलं तो जागच्या जागी दगड होतो. अर्थात कागदावर. पण कागदावरचं मरण हे मरण नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांनी ओताकारच्या स्वयंपाकघरात एक शनिवार काढून बघावा.

महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारच्या जेवणाआधी, तिथे जो खेळ सुरू व्हायचा त्यात पट नव्हता आणि सोंगट्याही नव्हत्या. होते वीस बाजूंचे फासे, पेन्सिली, नियमांचं एक जाडजूड पुस्तक आणि बोलणं. प्रत्येकजण एकेक पात्र व्हायचा, त्या पात्राच्या तोंडून बोलायचा, अडचणीत सापडला की फासा टाकायचा. ओताकार सूत्रधार. डोंगर, दऱ्या, राजे, राक्षस, वाटेवरची खानावळ आणि तिचा उद्धट मालक, हे सगळं एकटा ओताकार. विमा कंपनीत ज्याला विचारल्याशिवाय कोणीही खुशाल खिडकी उघडायचं, तो माणूस इथे हवा तेव्हा पाऊस पाडायचा.

खेळणाऱ्यांत हिनेक सरदार होता. एरवी तो करखात्यात होता, आणि नियमांचं पुस्तक त्याला इतकं पाठ होतं की पान सापडत नसलं की लोक पुस्तकाऐवजी त्यालाच विचारायचे. तिबोर चोर होता. एरवी गुरांचा डॉक्टर. आणि गेल्या वसंतापासून तिसऱ्या होत्या ओताकारच्या सासूबाई, क्वेताबाई.

त्या खेळात आल्या कशा, ते सांगायला हवं. क्वेताबाईंचे यजमान लोयझा ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. गावाबाहेरच्या भाड्याच्या बागेत एका सकाळी वाफ्याशी वाकले आणि तसेच गेले. आजार नाही, दवाखाना नाही, निरोप नाही. ओताकारच्या बायकोने, ब्लांकाने, आईला आपल्याकडे आणलं. क्वेताबाई रडल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर हात, आणि समोर ओपावा शहरातली सगळ्यात कंटाळवाणी पार्किंगची जागा. विचारलं तर उत्तर द्यायच्या, वाढलं तर जेवायच्या. त्यापलीकडे जणू घरात नसायच्याच. ब्लांका न्हाणीघरात जाऊन रडायची आणि नळ सोडून ठेवायची. तो नळ कशासाठी आहे हे ओताकारला कळायचं, आणि दाराबाहेर उभं राहण्यापलीकडे त्याला काही सुचायचं नाही.

मग एका शनिवारी, खेळ चालू असताना, क्वेताबाई त्याच टेबलाच्या कडेला बटाटे सोलत होत्या. तिबोरच्या चोराला जंगलात भूक लागली होती आणि त्याला एक अळंबी दिसली. ओताकारने तिचं रसाळ वर्णन केलं. टोपी हिरवट, देठाला कडं, बुंध्याशी पिशवी. चोर ती तोंडात घालणार एवढ्यात बटाट्याकडची मान न उचलता क्वेताबाई म्हणाल्या, ‘ती खाऊ नका. मराल.’ कित्येक दिवसांत न विचारता उच्चारलेलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. हिनेकने एक कोरा कागद हळूच त्यांच्यासमोर सरकवला आणि आम्हाला झाडपाल्यातलं कळणारं माणूस हवंच होतं म्हणाला. पात्राचं नाव काय लिहू, असं त्याने विचारलं. क्वेताबाईंनी थोडा वेळ बटाट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘लोयझा.’

हिनेकने लिहिलं.

तेव्हापासून लोयझा खेळात होता. खांद्यावर कुदळ, कमरेला औषधी पाल्याची पिशवी, बोलणं कमी. राक्षस समोर आला तरी तो आधी माती कशी आहे ते बघायचा. क्वेताबाई त्याच्या आवाजात बोलायच्या, त्याच्यासारख्या कान खाजवायच्या. शनिवार जवळ आला की त्या स्वतःहून बाजारात जायच्या, केस बांधायच्या, आणि एकदा तर चक्क फोनवर तिबोरशी भांडल्या. खिडकीची खुर्ची ब्लांकाने गुपचूप खोलीत हलवली. क्वेताबाईंनी ती कुठे गेली म्हणून विचारलंसुद्धा नाही.

आणि आता ओताकारने बॅसिलिस्क बोलावला होता.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन त्याने पुस्तकातलं पान काढलं. तिथे सरळ लिहिलं होतं: जनावर बघतं, खेळाडू फासा टाकतो, पंधराच्या खाली पडला तर दगड. उतारा नाही. हिनेकच्या सरदाराला ढाल होती, तिबोरचा चोर चपळ होता. लोयझाकडे होती कुदळ. आणि मेलेलं पात्र परत येत नाही, हा त्या टेबलाचा जुना कायदा होता.

ब्लांकाने भांडी विसळता विसळता ऐकून घेतलं आणि हात पुसले.

‘म्हणजे तू माझ्या बाबांना दुसऱ्यांदा मारणार,’ ती म्हणाली. ‘तेही तसंच. वाकले आणि गेले.’

‘मी नाही. फासा.’

‘फासा कोणाच्या घरातला आहे?’

दुसरा कोणी सूत्रधार असता तर त्याने सोपी वाट धरली असती: समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आड फासा टाकायचा, तीन पडले तरी अठरा सांगायचे. ओताकारने ही वाट पूर्वी एकदा धरली होती. तिबोरचा चोर पुलावरून पडताना त्याने दयेपोटी आकडा बदलला, आणि तिबोरच्या ते लक्षात आलं. तिबोर रागाने लाल झाला. मला काय भीक घालतोस, असं विचारून निघून गेला आणि सगळा नाताळ बोलला नाही. नाताळच्या जेवणाचा कार्प मासा ते दरवर्षी मिळून आणत, तोसुद्धा त्याने दुसऱ्याबरोबर जाऊन आणला. तेव्हापासून कायदा झाला की सगळे फासे मोठ्या पातेल्याच्या झाकणात, उघड्यावर, सर्वांसमक्ष पडतील. घोषणाही मागे घेता येत नव्हती, कारण हिनेकने रजा टाकली होती आणि तिबोरने गुलाशसाठी, म्हणजे मांसाच्या दाट रश्श्यासाठी, रानडुकराचं मांस सांगून ठेवलं होतं.

एकच फट होती. जनावराची शक्ती सूत्रधाराला खेळाआधी बदलता येत असे, मात्र बदल आधी कळवायचा आणि चाचणी लढाई घेऊन सिद्ध करायचा, की जनावर फार जालीमही नाही आणि फार बापुडंही नाही. ही अट अर्थातच हिनेकची. चाचणीत टेबलावरची माणसं चालत नाहीत, बाहेरची लागतात. म्हणजे खेळणाऱ्या कोणाला आधीच सराव होत नाही. ओताकारला बाहेरची माणसं म्हणजे शेजारी. इमारत दहा मजल्यांची आणि भिंती पातळ, त्यामुळे शेजाऱ्यांचा तुटवडा नव्हता.

जागा मात्र नव्हती. घरात सासूबाई. मग तळघरातली जुनी धुण्याची खोली आठवली. हल्ली तिथे कोणी धूत नसे. तुटक्या स्की आणि बाबागाड्या ठेवत. किल्ली इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा झेलिंकोवाबाईंकडे. आणि झेलिंकोवाबाईंकडून किल्ली मिळवणं हे स्वतःच एक वेगळं साहस होतं. त्या निवृत्त पोस्टमास्तर. जिन्यात सायकल दिसली की सायकलीला चिठ्ठी लावायच्या, चिठ्ठी फाटलेली दिसली की चिठ्ठीबद्दल चिठ्ठी लावायच्या. त्यांनी ओताकारला खोलीचा उपयोग कशासाठी, ते लिहून द्यायला सांगितलं.

इथे ओताकारच्या स्वभावाने त्याचा घात केला. विमा कंपनीत इतकी वर्षं काढल्यामुळे कागदावर खोटं लिहायला त्याचा हात धजत नसे. त्याने लिहिलं: ‘बॅसिलिस्क जातीच्या जनावराची घातक शक्ती तपासणे व प्रमाणात आणणे.’

संध्याकाळपर्यंत ते वाक्य लिफ्टमधून सगळ्या मजल्यांवर फिरलं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर माहेरी पाठवलं. कोणी म्हणालं तो सरडा आहे, कोणी म्हणालं अजगर, तर कोणी अगदी खात्रीने सांगितलं की ओताकारच्या बाल्कनीतून त्यांनी तुरा पाहिला आहे. तो तुरा म्हणजे ब्लांकाचा वाळत घातलेला लाल मोजा होता. वरच्या मजल्यावरचे क्रोपाचकाका स्वतः खाली आले आणि उंदीर घालत असशील तर गोठवलेले घालू नकोस, त्याला सर्दी होईल, असा सल्ला देऊन गेले. ओताकारने समजावण्याचा प्रयत्न केला. पण ज्या जनावराला तुम्ही शांतपणे ‘ते अस्तित्वातच नाही’ म्हणता त्याबद्दल लोकांचा संशय उलट वाढतो.

चाचणीच्या दिवशी तळघरात जेमतेम टेबल मांडून होतंय तोच दारात पालिकेच्या पशुविभागातली एक तरुण बाई उभी राहिली. हातात जाड मोजे आणि झाकणाचा पिंजरा. तक्रार आली आहे म्हणाली. ओताकारने तिला नियमांच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. तिने ते नीट पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, एका बाबागाडीतही डोकावली.

‘जनावर हे एवढंच?’ तिने विचारलं.

‘एवढंच.’

‘चावतं?’

‘बघतं,’ ओताकार म्हणाला. ते आपण किती केविलवाण्या आवाजात म्हणालो हे त्याचं त्यालाच जाणवलं.

बाईने मोजे काढून पिंजऱ्यात ठेवले. आता आलेच आहे तर बसू का, असं विचारलं. अशा रीतीने चाचणीला तीन माणसं जमली: क्रोपाचकाका, किल्लीवर नजर ठेवायला आलेल्या झेलिंकोवाबाई आणि पालिका.

पहिल्या आवृत्तीत ओताकारने जनावराची नजर अधू केली होती. हाकेच्या अंतरापलीकडचं त्याला दिसत नसे. क्रोपाचकाकांनी विचारलं की मग जवळ जायचंच कशाला. तिघंही लांब बसले आणि दगड मारत राहिले. बॅसिलिस्क बिचारा इकडेतिकडे मान वळवत, कोण मारतंय ते न कळता मेला. ओताकारला मनातून फार वाईट वाटलं. दुसऱ्या आवृत्तीत नजर पूर्ण, पण दगड झालेल्याला लगेच उतारा. झेलिंकोवाबाई चार वेळा दगड झाल्या आणि चारही वेळा पूर्ववत. पाचव्या वेळी त्यांनी जनावराला सांगितलं की तुमचं आटपलं असेल तर आम्हाला पुढे जाऊ द्या. तिसऱ्या आवृत्तीत ओताकारने इतकं काही काढून टाकलं की क्रोपाचकाकांनी पहिल्याच फटक्यात त्याला लोळवलं आणि जेवण कधी आहे ते विचारलं.

मग ओताकार चिडला. त्याने पुस्तक उघडलं आणि जसं लिहिलंय तसं, मूळचं जनावर टेबलावर सोडलं. झेलिंकोवाबाई गुहेत शिरल्या. जनावराने पाहिलं. फासा पडला चार. ‘तुम्ही दगड झालात,’ ओताकार म्हणाला.

‘पुढे?’

‘पुढे काही नाही. संपलं.’

झेलिंकोवाबाई ताठ झाल्या. ‘असं कसं संपलं? मला या इमारतीचं पाणी तासभर बंद करायचं असलं तरी मी आधी खाली सूचना लावते. मग आदल्या दिवशी दुसरी, लाल अक्षरात. मग सकाळी बेल वाजवून सांगते की बादल्या भरा. त्यानंतर नळ. आणि इथे धडधाकट बाईचा दगड करायचा आणि तिला आधी कळवायचंसुद्धा नाही? माणसाला बादल्या भरायला वेळ नको?’

पशुविभागाची बाई म्हणाली की हे बरोबर आहे; त्यांच्या खात्यातही जप्तीआधी सूचना जाते. ओताकारने पेन्सिल उचलली. त्याच्या डोळ्यांसमोर बागेतला वाफा आला, आणि न्हाणीघरातला चालू नळ.

चौथी आवृत्ती त्याने तिथेच लिहिली. जनावर बघितल्याबरोबर कोणी दगड होत नाही. पहिल्यांदा पावलं जड होतात. दुसऱ्या खेपेला दगड कमरेशी येतो. तिसऱ्या खेपेला गळ्याशी. प्रत्येक खेपेला फासा, प्रत्येक खेपेला थोडा वेळ, आणि झाडपाला जाणणारं कोणी असेल तर त्याच्याकडे मलमाची एक डबी, दगड उतरवणारी. चाचणी पुन्हा झाली. क्रोपाचकाका कमरेपर्यंत गेले, घाबरले, ओरडले, मलम लागून सुटले, आणि जिंकल्यावर त्यांनी आपले पाय चाचपून पाहिले. भीतीही खरी आणि वाटही खरी. ओताकारने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

घरी हिनेकला फोनवर बदल कळवून तो वळला, तर दारात क्वेताबाई.

‘खाली पालिकेची गाडी होती,’ त्या म्हणाल्या. ‘कोण आजारी आहे?’

‘कोणी नाही, आई. खेळाचं काम होतं.’

‘ते जनावर माझ्यासाठी पातळ करतोयस का?’

‘नाही,’ ओताकार म्हणाला. हे मात्र खरंच होतं, निदान चौथ्या आवृत्तीपुरतं.

‘करू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘मला जपून ठेवल्यासारखं वागवता तुम्ही दोघं. मी काय काचेची आहे?’ आणि उद्याच्या क्नेडलिकसाठी, गुलाशबरोबरच्या उकडलेल्या गोळ्यांसाठी, शिळा पाव कापायला निघून गेल्या.

शनिवारी गुलाश सकाळपासून शिजत होता. ब्लांका खेळत नसे, पण त्या दिवशी ती ओट्याशी गुलाश ढवळायचा डाव घेऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही. मंडळी दरीत उतरली. वाटेत दगडी हरणं, दगडी वाटसरू, चोचीत दगडी किडा धरलेला दगडी पक्षी. ओताकारने ती दरी फार मन लावून रंगवली. लोयझा खाली वाकला आणि माती कोरडी आहे म्हणाला.

मग ते गुहेतून बाहेर आलं आणि त्याने पाहिलं.

हिनेकचा फासा चांगला पडला. तिबोरचा पडला सहा. क्वेताबाईंचा पडला तीन. झाकणात फासे कितीतरी वेळ डगडगत राहिल्यासारखे वाटले. चोराची पावलं जड झाली, लोयझाचीही. आणि त्या क्षणी ओताकारला आपली चूक लख्ख दिसली. चाचणीत एका वेळी एकच माणूस सापडला होता. मलमाची डबी त्याने एक ठेवली होती. दोघं एकदम सापडतील हा हिशेब त्याने, विमा कंपनीतल्या माणसाने, केलाच नव्हता.

सरदाराने वार केला, तो निसटता लागला. दुसरी नजर. पुन्हा दोन फासे, पुन्हा दोन्ही वाईट. दगड कमरेपर्यंत आला.

‘लोयझा काय करतो?’ ओताकारने विचारलं.

‘डबी उघडतो,’ क्वेताबाई म्हणाल्या. ‘आणि चोराला लावतो.’

तिबोर खुर्चीतून उठलाच. ‘क्वेताबाई, नको. मी दुसरा चोर करीन, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे घरी तीन चोर पडलेत.’

‘तुमच्याकडे असतील. पण लोयझा शेजारच्याला तसाच ठेवून स्वतः बाहेर येणार नाही. त्याला ओळखत नाही तुम्ही.’

तिबोर खाली बसला. चोराच्या अंगातून दगड उतरला. मग एक अशी गोष्ट घडली की जी त्या टेबलावर कधी घडली नव्हती. हिनेक खाकरला. झाकण, तो म्हणाला, मला जरा तिरकं वाटतंय. फासा नीट लोळला नसेल. अशा वेळी पुन्हा टाकायची मुभा असते. असते असं मला आठवतंय. त्याचे कान लाल झाले होते, आणि पुस्तकाकडे तो बघत नव्हता. नियमाचं एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देणारा तो माणूस सगळ्यांसमोर खोटं बोलत होता, आणि त्याला ते अजिबात येत नव्हतं.

क्वेताबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. ‘सरळ पडलाय, हिनेक,’ त्या म्हणाल्या.

जनावराने तिसऱ्यांदा पाहिलं.

‘आई, फासा टाक,’ ब्लांका ओट्यापासून म्हणाली. ‘अजून वाचू शकतो तो. टाक ना.’

क्वेताबाईंनी फासा उचलला, तळहातावर धरला, आणि मग झाकणात न टाकता टेबलावर हलकेच ठेवून दिला. ‘न टाकलेला चालतो का?’ त्यांनी हिनेकला विचारलं. हिनेकने मान डोलावली. चालतो, तो म्हणाला.

‘दगड गळ्याशी आलाय,’ ओताकार म्हणाला.

‘म्हणजे बोललेलं अजून ऐकू येतं त्याला?’

‘येतं.’

‘थोडा वेळ आहे?’

ओताकारने आपल्या कागदाकडे पाहिलं. तिथे लिहिलेलंच होतं. ‘आहे, आई. हवा तेवढा घ्या.’

क्वेताबाईंनी लोयझाचा आवाज सोडून दिला. त्या टेबलावर पहिल्यांदाच त्या त्याच्याशी स्वतःच्या आवाजात बोलल्या, समोरच्या कागदाकडे बघत.

‘लोयझा,’ त्या म्हणाल्या. ‘मी त्या सकाळी बागेतल्या खोलीची फरशी पुसली होती. तू अजमोदा घेऊन दारात आलास, आणि मी आतून ओरडले की त्या बुटांनी आत पाऊल टाकलंस तर बघ. तू परत फिरलास. बूट साफ करायला वाफ्याशी गेलास आणि वाकलास. तेवढंच बोलणं झालं आपलं. इतक्या वर्षांचा संसार आणि शेवटी काय, तर बूट. कोणाला सांगू मी हे? ब्लांकाला सांगू?’

ब्लांकाने डाव खाली ठेवला.

‘तर ये,’ क्वेताबाई म्हणाल्या. ‘बूट घालून ये. चिखल घेऊन ये, सगळी बाग घेऊन ये आत. मी पुसून घेईन. ऐकलंस ना? मी पुसून घेईन, तू ये.’

त्या थांबल्या. मग त्यांनी ओताकारकडे बघून मान डोलावली, आणि ओताकारने, कारण ते त्याचं काम होतं आणि दुसरं कोणी ते करू शकत नव्हतं, सांगितलं की दगड वरपर्यंत आला. की लोयझा कुदळीवर हात टेकून उभा आहे. की चेहरा शांत आहे, ऐकत असलेल्या माणसाचा.

तिबोर बाल्कनीत गेला. हिनेकने नाक शिंकरलं आणि चष्मा नसताना चष्मा पुसायचा प्रयत्न केला. ब्लांका आईच्या पाठीशी येऊन तिच्या खांद्यावर गाल ठेवून उभी राहिली, आणि या वेळी तिने कुठलाही नळ सोडला नाही. दोघी रडल्या, चांगल्या मोठ्याने, नाकं लाल होईपर्यंत. ओताकार आपल्या चौथ्या आवृत्तीकडे बघत बसला. जनावर उत्तम जमलं होतं, कोणीही कबूल केलं असतं. त्याला एवढंच समजत होतं की लोयझा गेला, आणि आता खोलीतली ती खुर्ची पुन्हा खिडकीशी येईल.

क्वेताबाई उठल्या आणि खरंच खोलीत गेल्या. दार लागलं. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. ओताकार आणि ब्लांका एकमेकांकडे बघत राहिले. गुलाश तळाला लागत होता, पण तो ढवळायचं कोणाला सुचलं नाही.

दार उघडलं. क्वेताबाईंच्या नाकावर वाचायचा चष्मा होता. तो कपाटामागे पडला होता म्हणे, कपाट सरकवावं लागलं. त्या आपल्या जागी बसल्या, लोयझाचा कागद नीट घडी करून पदराआड ठेवावा तसा स्वेटरच्या आत ठेवला, आणि ओताकारकडे वळल्या.

‘ते जनावर अजून तिथेच आहे का?’

‘कोणतं?’ ओताकार म्हणाला. मग त्याला कळलं. ‘आहे, आई. गुहेच्या तोंडाशी.’

‘जिवंत?’

‘जिवंत.’

‘बरं,’ क्वेताबाई म्हणाल्या, आणि बाह्या वर सारल्या. ‘मग जेवण नंतर. आधी मला एक कोरा कागद दे.’